पाणी उणे झालं ती कोजागिरी

तमाम मराठी बंधुभगिनींनी हातातली कामं बाजूला ठेवावीत, शक्य असेल त्यांनी उभं राहावं, आणि पुढील निवेदन अत्यंत गांभीर्यानं ऐकावं: मिसिसिपी नदी यंदाही रजेवर गेली आहे. कारण दिलेलं नाही. परत कधी रुजू होणार तेही कळवलेलं नाही. जाताना बाईसाहेबांनी बाटल्या, टायर, शिंपले, दुकानातली एक ढकलगाडी आणि एक तीन पायांची खुर्ची, असा सगळा संसार काठावर तसाच टाकला आहे.

काल मुद्दाम जाऊन बघून आले. मेम्फिस हे गाव उंच कड्यावर वसलेलं, आणि जुना धक्का म्हणजे त्या कड्यापासून पाण्यापर्यंत उतरत गेलेला दगडी उतार. एरवी त्याचा बराचसा भाग पाण्याखाली असतो. आश्विन लागला की नदी मागे सरते आणि दगड उघडे पडतात, मोठाल्या बटाट्यांसारखे ओबडधोबड, फटींतून चिखल वाळलेला. मधूनमधून माझ्या मनगटाएवढ्या जाडीच्या लोखंडी कड्या रोवलेल्या आहेत. वाफेच्या बोटी त्यांना बांधत असत. रिकाम्या माठाच्या तळाला येतो तसा वास येतो. कड्यावरच्या जुन्या कापूस-पेढ्यांच्या इमारतींत आता महागडे फ्लॅट आहेत, आणि त्यांच्या गॅलऱ्यांत संध्याकाळी लोक वाइनचे ग्लास घेऊन नदीचा देखावा बघतात. यंदा देखावा म्हणजे गाळ. पण ग्लास तेच.

इथे नदी मोजायची एक पट्टी आहे, आणि ऑक्टोबरात पाणी त्या पट्टीवरच्या शून्याच्याही खाली जातं. बातम्यांत चक्क सांगतात, आज नदी उणे इतके फूट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सोफ्यावर लोळून हसले होते. मी खामगावची. आमच्याकडेही पाणी नसायचं, पण नसलेलं पाणी शून्यावर सभ्यपणे थांबायचं. त्याच्याही खाली जायची हिंमत त्यानं कधी केली नाही.

खामगाव आणि मेम्फिस यांची सोयरीक फार जुनी आहे. दोघांना ती ठाऊक नाही, एवढंच. ऑक्टोबरात पूल ओलांडून पलीकडे आर्कान्सॉमध्ये शिरलं की रस्त्याच्या दोन्ही कडांना कापसाचे झुबके अडकलेले दिसतात. शेतात हिरव्या पानापेक्षा पांढरंच जास्त. काच खाली केली की धूळ आणि सरकीचा तो कोमट, तेलकट वास येतो, आणि मी क्षणात जिनिंगच्या फाटकाशी उभी असते. अंगावर पिसासारखा कापूस, नाकात खाज, फ्रॉकच्या खिशात चोरून भरलेली सरकी. आमच्या घरात एक दंतकथा होती. कुणी खापरपणजोबा, त्यांनी म्हणे बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा ठोकल्या होत्या. एवढा पैसा आला कुठून, तर म्हणे "तिकडे कुठंतरी लढाई लागली होती." ते तिकडे म्हणजे इकडे. अमेरिकेत यादवी पेटली, या नदीवरचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग लढाई संपली, इथल्या कापसाच्या गाठी सुटल्या, तिकडचा भाव आपटला आणि चांदीच्या धावा उतरवून विकल्या गेल्या.

ही गोष्ट मी पार्ट्यांमध्ये फार रंगवून सांगायचे. चांदीच्या चाकांचा खणखणाट तोंडानं काढून दाखवायचे. मग एका वर्षी याच धक्क्यावर उभी असताना डोक्यात आलं की आमच्या त्या चांदीआधी इथे गाठी कोण वाहत होतं. माणसं. विकत घेतलेली माणसं. या गावात माणसांचे बाजार होते, आणि गाठ आणि माणूस एकाच उतारावरून चढत-उतरत होते. गावाला पिवळ्या तापाच्या साथी आल्या तेव्हा ज्यांना पळता आलं ते पळाले. मागे राहून प्रेतं उचलली ती बहुतेक याच उतारावरच्या लोकांनी. पर्यटकांच्या बोटीवर रेकॉर्ड केलेला एक मखमली आवाज इतिहास सांगतो. त्यात "वैभवशाली व्यापार" असतो, कापसाच्या राजांची नावं असतात. गाठ उचलणाऱ्याचं नाव विचाराल, तर तिथे आवाज खाकरतो आणि डावीकडचा पूल दाखवतो.

आणि आम्ही मराठी लोक? आम्ही गावाच्या पूर्वेला, नदीपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, चांगल्या शाळांच्या हद्दीत, तीन-तीन गाड्यांची गॅरेजं बांधून राहतो. त्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी कोजागिरी नदीवर करायची सूचना मांडली.

"नदी? कुठली नदी?" कुंदाकाकूंनी विचारलं. त्या आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ.

"अहो काकू, जिच्या काठावर तुम्ही इतकी वर्षं राहताय ती."

"अगं, मग ती डाउनटाउनला आहे म्हण ना. पार्किंग आहे का तिथे?"

अध्यक्ष होते सुधीर नेरकर. मूळ जळगावचे, हुशार, नेटके, शर्टाला कायम इस्त्री. ते म्हणाले, "आयडिया चांगली आहे, मीनाताई. बोटच बुक करू. क्लासी वाटेल." नेरकरांना क्लासी वाटणं महत्त्वाचं होतं. त्यांचा मुलगा टेक्ससला, अर्विंगमध्ये, मोठ्या कंपनीत. थोरली मुलगी तन्वी. तन्वी काय करते असं कुणी विचारलं, की नेरकर चहाचा कप खाली ठेवून सांगत, "लॉजिस्टिक्समध्ये आहे."

खोटं म्हणता येणार नाही. द्रोणागिरी उचलून आणला तेव्हा हनुमानही लॉजिस्टिक्समध्येच होता.

खरं काय ते मला तन्वीच्या आईनं, वंदनानं सांगितलं होतं. तिच्या स्वयंपाकघरात बेसनाचे लाडू वळत होतो. तिचे हात चालू होते, मान खाली.

"मीना, ती बोटीवर असते."

"क्रूझवर? मज्जा आहे बाई!"

"क्रूझ नाही गं. मालाची. त्या लांबच लांब जातात ना, बार्ज ढकलत, त्यांच्यावर. डेकवर काम करते. दोर बांधते."

बार्ज म्हणजे बिनइंजिनाच्या लोखंडी पेट्या, एकेक मंगल कार्यालयाएवढी. त्यांत मका, सोयाबीन, कोळसा. अशा कितीतरी पोलादी दोरांनी एकमेकींना आवळायच्या आणि मागून एका बोटीनं तो सगळा गाव नदीतून ढकलत न्यायचा. तन्वी ते दोर आवळायची. फार्मसीचं शिक्षण अर्ध्यावर टाकून, केस बारीक कापून. चालायच्या पट्टीबाहेर पाय गेला तर खाली मिसिसिपी, आणि तिच्या पोटात गेलेलं सहसा परत येत नाही.

"सुधीरना माहितीये?"

"माहितीये म्हणून तर लॉजिस्टिक्स." वंदनानं लाडू जरा जास्तच जोरात दाबला. "सासरे माझे जळगावला जिनिंगमध्ये हमाल होते. पाठीवर गाठी वाहायचे. खांद्याला घट्टा होता त्यांच्या, हा एवढा. हे म्हणतात, दोर सोडवायला एक पिढी गेली, आणि माझी पोरगी परत दोर हातात घेऊन बसली. काय सांगू मी त्यांना? चूक तरी कुठं बोलतात?"

मला तेव्हा नेरकरांचा राग आला नव्हता, आणि ती खरी पंचाईत. राग आला असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. वडिलांच्या खांद्यावरचा घट्टा बघत मोठा झालेला मुलगा इस्त्रीच्या शर्टाला का जपतो, ते मला कळत होतं. पण कळण्यानं काही मऊ होत नाही.

नेरकर आता इथे नसतात. निवृत्त झाल्यावर मुलाजवळ अर्विंगला गेले. तिथल्या मंडळात म्हणे छाती पुढे काढून सांगतात, "माझी मुलगी कॅप्टन आहे, मिसिसिपीवर." तन्वी बोट चालवण्याच्या परीक्षा देत देत वर चढली, आता सुकाणूवर असते. दोर नाही, सुकाणू. त्यामुळे सांगायला हरकत नाही. फोनवर एक नकाशा मिळतो, त्यात नदीतली प्रत्येक बोट एक छोटा बाण होऊन सरकताना दिसते. वंदना सांगते, दुपारभर ते खुर्चीत बसून तो बाण बघतात. ग्रीनव्हिल गेलं, हेलेना आलं, असं पुटपुटतात. फोन करतात. तो वाजत राहतो. तन्वी आईचा फोन घेते, भावाचा घेते, माझासुद्धा घेते. वडिलांचा घेत नाही. त्या कोजागिरीपासून एकदाही नाही.

तर ती कोजागिरी.

आमच्याकडची कोजागिरी पौर्णिमेला नसते. जवळच्या शनिवारी असते. पुराणात लक्ष्मी मध्यरात्री विचारत फिरते, कोण जागं आहे? आमच्याकडे तिला यायचं असेल तर सूर्यास्ताच्या सुमाराला यावं, नंतर सगळ्यांना लांब जायचं असतं. त्या शनिवारी चंद्र उगवायलाच तयार नव्हता, आणि नदी उतरतच चालली होती. बोटवाल्यांनी आदल्या दिवशी कळवलं, पाणी फार कमी आहे, बोट हलणार नाही, धक्क्यालाच बांधून ठेवू, चालेल का? चाललं. न हलणाऱ्या बोटीवर, न आलेल्या चंद्राखाली, पैठण्या नेसून आम्ही कोजागिरी साजरी करायला जमलो. धक्क्याच्या दगडांवरून उंच टाचांनी उतरणाऱ्या बायका बघणं हा माझ्या आयुष्यातला एक अलौकिक सोहळा होता. कुंदाकाकूंना तर दोघांनी पालखीसारखं आणलं.

आतल्या छोट्या स्वयंपाकघरात दूध आटत होतं. केशर, वेलदोडे, चारोळ्या. त्या वासानं नदीच्या चिखलाशी झुंज दिली आणि जिंकली. डेकवर पाट मांडलेले. कारण त्या दिवशी आश्विनीही होती. कोजागिरीला घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात, ती आश्विनी. मी धाकटी, त्यामुळे या सणावर माझा जुना दात आहे. दादाला पाटावर बसवून आई ओवाळायची, नवा शर्ट द्यायची, आणि मी दाराला टेकून बघायचे. एका वर्षी मी विचारलं, "मला का नाही?" आई म्हणाली, "यानं मला आई केलं." सहा वर्षांच्या पोरीला देण्याजोगं ते उत्तर नव्हतं. पण पुढं कधीतरी माझा पहिला मुलगा पाटावर बसला तेव्हा समजलं.

कमी पाण्यामुळे नदीत बोटींची रांग लागली होती. गाळ उपसून वाट मोकळी होईपर्यंत थांबा. तन्वीची बोट त्या रांगेत, आमच्यापासून डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरावर अडकलेली. वंदनानं कुणालाही न सांगता तिला निरोप पाठवला होता: आश्विनी आहे, जमलं तर ये, पाच मिनिटं. तबक तिनं घरूनच आणलं होतं, निरांजन, कुंकू, अक्षता, आणि एक घडी घातलेला निळा कुडता.

आणि ती आली. तिच्या बोटीसाठी किराणा न्यायला छोटी होडी धक्क्याला लागली, तिच्यातून. डोक्यावर हेल्मेट, नारिंगी लाइफ जॅकेट, गुडघ्यापर्यंत गाळ, रापलेला चेहरा. ती फळीवरून आमच्या बोटीवर चढली तेव्हा मी माइकशी झटापट करत होते. मी तिला ओळखलं. बाकीच्यांनी तिला शाळेत असताना, दोन वेण्यांत पाहिलेलं. त्यांना दिसली बोटीवरची एक कामगार.

कुंदाकाकू फळीच्या तोंडाशीच बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी दुधाच्या उष्ट्या पेल्यांनी भरलेली कचऱ्याची पिशवी. त्यांनी आपलं ठेवणीतलं इंग्रजी काढलं.

"मिस, कॅन यू टेक धिस, प्लीज? अँड बी केअरफुल, इट इज लीकिंग."

तन्वीनं पिशवी घेतली. ती हसली, बरं का. खरंच गंमत वाटून हसली, आणि हसतच तिनं वडिलांकडे पाहिलं. नेरकर दोन हातांच्या अंतरावर उभे होते, रेशमी कुडता, उपरणं. तिच्या चेहऱ्यावर ते भाव मी पाहिले. पोरं लहानपणी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहतात ना, आता बाबा हात पुढे करणार म्हणून, तसे. नुसतं "अहो काकू, ही आमची तन्वी" एवढंच म्हणायचं होतं. ते दुसऱ्या कुणी म्हणून चालणार नव्हतं. मी तोंड उघडलं आणि तिनं माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, थांब.

नेरकरांनी तिच्या बुटांकडे पाहिलं. मग डेकवरच्या सगळ्या माणसांकडे. मग ते अतिशय सभ्यपणे, अध्यक्षांना शोभेल अशा आवाजात म्हणाले,

"थँक यू, मिस."

तिचं हसू लगेच गेलं नाही. जरा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, आपल्याला निघायचंय हे न कळलेल्या पाहुण्यासारखं.

"नो प्रॉब्लेम, सर," ती म्हणाली. आणि गळकी पिशवी घेऊन फळीवरून खाली उतरली.

कुंदाकाकू म्हणाल्या, "किती पोलाइट असतात नाही ही लोकं!"

मला त्या धक्क्यावरचे सगळे दगड त्या क्षणी उलटे फिरून वर बघताहेत असं वाटलं. वैभवशाली व्यापार. मखमली आवाज. डावीकडे बघा, पूल. राबणाऱ्याला न ओळखण्याची या उताराला इतकी जुनी सवय आहे, की एका जळगावच्या हमालाच्या मुलालाही ती त्यानं दोन मिनिटांत शिकवली. का आम्ही ती घरूनच आणली होती, सामानात, पुरणयंत्राच्या शेजारी? मला वाटतं आणलीच होती.

कार्यक्रम थांबत नाही. कार्यक्रमांचा तो गुण आहे. पाटांवर थोरली पोरं बसली, कुणी चौदाची, कुणी तिशीतली, लाजत, फोन बघत. "मॉम, हाऊ लाँग इज धिस?" निरांजनं लागली. विद्यापीठात शिकायला आलेल्या चार जणांच्या आया नागपूर-नाशकात, तर त्यांनाही कुणी ना कुणी काकू ओवाळत होती. परक्याच्या पोरासाठी पाट होता, कुंकू होतं, पेढा होता. मी माइकवर एकेका घराचं नाव पुकारत होते, आणि नावं संपत चालली होती, आणि शेवटी नेरकरांचं राहिलं.

वंदना स्वयंपाकघरातून तबक घेऊन बाहेर आली. फळीशी काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. तिच्या डोळ्यांनी डेक शोधला, एकदा, दोनदा. मग कठड्यापलीकडे पाहिलं. खाली, पाणी सरलं होतं तिथे, लोखंडी कडीजवळ तन्वी उभी होती. होडी परत यायची वाट बघत. पाठ आमच्याकडे. पिशवी अजून हातात, कारण चिखलात ठेवणार कुठे.

"तन्वीला सुट्टी नाही मिळाली," नेरकर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "डॅलसला मीटिंग आहे तिची." आणि मग, प्रत्येक प्रश्नावर तोडगा असणाऱ्या माणसाच्या चपळाईनं, त्यांनी पूजेच्या सामानातली एक सुपारी उचलली आणि रिकाम्या पाटाच्या मधोमध ठेवली. माणूस हजर नसलं की त्याच्या नावानं सुपारी ओवाळतात. शास्त्र आहे. "हं वंदना, कर. तिच्या नावानं."

सगळे थांबले. पाटावर एवढीशी सुपारी. नेरकरांच्या कपाळावर घाम, आणि हसू अजून जागेवर. वंदना वाकली. निरांजनाची ज्योत वाऱ्यानं आडवी झाली, तिनं पदर धरला. तबक अर्धं फिरवलं. आणि थांबली. चोवीस वर्षं ओळखते मी तिला, ती मंडळात कधी दोन वाक्यांच्या वर बोललेली नाही. माइक माझ्या हातात होता, चालू होता, आणि ती माझ्या अगदी शेजारी होती, म्हणून ते धक्क्यावर, कड्यावर, गॅलऱ्यांमधल्या वाइनच्या ग्लासांपर्यंत सगळीकडे ऐकू गेलं:

"सुपारीला काय ओवाळू! पोरगी खाली चिखलात उभी आहे!"